आईची पेटी आणि मांजरपाटाची पिशवी

शेणवा,
५ नोव्हेंबर २०००

चि. जना,

ताईचा आशीर्वाद, आणि सोबत एक धपाटा. आशीर्वाद पोटातल्या जिवाला, धपाटा तुला. दिवाळी सरली, तुळशीचं लग्न तोंडावर आलं, आणि बाईसाहेबांना बहिणीला चार ओळी लिहायला सवड नाय. विणायच्या सुया बऱ्या चालतात गो तुझ्या! निरोप पाठवलास तोही नवऱ्याच्या तोंडी. धर्मापावणे मुरबाड नाक्यावर तुझ्या दाजींना गाठून सांगतात, "ताईला म्हणावं लोकरीसाठी एक चांगली पिशवी बघ, घरात उंदीर झालेत." जशी काय मी शेणव्यात पिशव्यांचं दुकानच टाकून बसलेय.

इकडं आमी सगळी बरी. भात कापून झालं, खळ्यावर झोडणी चालू आहे. सासूबाईंची तब्येत आणि तोंड, दोन्ही ठणठणीत. माझी मशीन चालू आहे, गणवेश नि ब्लाऊज शिवते. दाजी दुधाचा टेम्पो घेऊन रोज शहापूर-मुरबाड करतात, म्हणून तर ही पोचवापोचवी जमते.

तर पिशवी. ऐक, आणि हसू नको. पहिली आणली शहापूरच्या बाजारातून, नायलॉनच्या जाळीची. वाटलं, हवा खेळेल. तुझी एक जुनी सुयांची जोडी माझ्याकडं राहिलेली, ती त्यात घालून दाजींजवळ दिली. खड्ड्यात टेम्पो आदळला आणि सुई जाळीतून थेट त्यांच्या मांडीत. माणूस ब्रेक दाबायचा सोडून आईच्या नावानं बोंबलायला लागला. दुसरी घेतली चेनवाली प्लॅस्टिकची, शालू ठेवतात तसली. दिसायला झकास, पण लोकरीचा गुंडा घालून ठेवला तर आतून घाम सुटलेला आणि लोकर कुबट. रेग्झिनची बघितली, तिचे घडीवर पापुद्रे सुटतात आणि लोकरीला चिकटून बसतात. स्टीलच्या डब्यात गुंडा छान फिरतो, पण सुया मावत नायत.

मग म्हटलं, काखेत कळसा नि गावाला वळसा! घरात मशीन आहे ती कशाला? मांजरपाट आणला, धुऊन आटवून घेतला आणि स्वतःच शिवली. तळ चपटा ठेवलाय, म्हणजे जमिनीवर नीट बसते. आत कप्पे आहेत, अर्धवट विणलेलं एकात, लोकर दुसऱ्यात. वरच्या झडपेला काज केलंय, त्यातून धागा ओढायचा, गुंडा आतच राहतो, घरभर पळत नाय. सुयांसाठी दाजींनी बांबूचं नळकांडं घासून दिलंय, तोंडाला चिंधीचा बोळा. कोपऱ्यात कडुनिंबाचा सुका पाला नि लवंगा यांची पुरचुंडी आहे, कसर लागणार नाय. आणि उंदरांचं म्हणशील तर पिशवी आढ्याला टांग आणि दोरीत मध्ये नारळाची करवंटी उपडी ओव. उंदीर करवंटीवरून घसरून पडतो, आमच्याकडं सुकटीची टोपली अशीच टांगतात.

आता एक काम कर, निमूट. तुझ्याकडच्या आईच्या पेटीत तुझं जे काय विणलेलं आहे, लोकर आहे, ते सगळं बाहेर काढ. धू, चांगली कडक उन्हं दे आणि मगच ह्या पिशवीत ठेव. पेटीतल्या डांबरगोळ्या काढून लांब खड्ड्यात पूर. घरात कुठंच ठेवू नको, मोरीत सुद्धा नको. जुनी पद्धत झाली ती. शहरात हल्ली कुणी वापरत नाय, रंग उडतो म्हणतात कपड्यांचा.

मी स्वतः येऊन पेटी आवरून दिली असती. पण तुझ्या सासूबाईंनी, धोंडूबाईंनी, सांगून ठेवलंय ना, तुझ्या ओटीत पोर येईस्तोवर राहीनं उंबरा ओलांडायचा नाय. माझी ओटी रिकामी झाली, तर तुझ्यावर सावली नको. आधी राग आला होता, आता नाय. त्यांच्या जागी मी असते तर मीही घाबरले असते. पण आई नाय, बाबा नाय, आपल्याला माहेर म्हणून कोण उरलंय? तुझं बाळंतपण मी करायचं होतं गो.

असो. वेळ तुमच्या म्हशा गावच्या जत्रेच्या आसपासची ना? तोवर जड उचलू नको. आणि गोळ्यांचं विसरू नको.

तुझी ताई,
राही


शेणवा,
२६ नोव्हेंबर २०००

चि. जना,

पत्र पोचलं. पिशवी तुला आवडली, काजातून धागा सुरेख सुटतो, शेजारणी नमुना मागतात, हे वाचून अंगावर मूठभर मांस चढलं. आणि पुढचं वाचून उतरलं.

काय गो हे? पिशवी मळू नये म्हणून पेटीत ठेवलीस? आणि वर मूठभर नव्या गोळ्या टाकल्यास? पालथ्या घड्यावर पाणी! मी कप्पे करते, करवंट्या सांगते, आणि तू ते सगळं उचलून त्याच पेटीत घालतेस. पेटीबाहेर ठेव म्हणून तर पिशवी शिवली होती, बये.

आणि तू गुपचूप लिहिलंस ते. बाळासाठी आधी काही करायचं नसतं, म्हणून ऑर्डरीचं आहे असं सासूला सांगून पिवळा सेट विणलास. कुंची, टोपडं, मोजे, आणि सगळ्यात खाली, आईच्या शालूच्या घडीत लपवून ठेवलास. जना, ते वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाय. परवा एका ब्लाऊजला दोन्ही बाह्या उजव्याच लावल्या.

काढ ते. आजच्या आज काढ.

तू लिहितेस, "ताई, तुझा पेटीवर पहिल्यापासून डोळा आहे. माझ्या लग्नात आईनं ती मला दिली ते तुला अजून सलतं." वाचून आधी तळपायाची आग मस्तकाला गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला! आईची पेटी म्हणजे काय, चार पत्रे आणि वर रंगवलेला गुलाब. पण मग विचार केला. बरं बाई, आहे माझा डोळा. हावरी आहे मी. दे मला पेटी. मंगळवारी दाजी नाक्यावर असतील, धर्मापावण्यांच्या हातून पाठव. बदल्यात आणखी दोन पिशव्या शिवते, मोठ्या, अस्तराच्या. हवी तर माझी पितळेची घागर घे, तीही आईचीच आहे.

दुसरंही एक विचारलंस. तीन वर्षं झाली तरी विचारतेसच. "तुझ्या बाळाला नेताना माझी कुंची त्याच्या अंगावर का ठेवली नायस? मी रात्रंदिवस जागून विणली होती. दवाखान्यातून आणलं तेव्हा नुसत्या पांढऱ्या फडक्यात होता." त्या दिवशी तू मला हे सगळ्यांसमोर विचारलंस आणि मी तोंड फिरवलं. तुला वाटलं, तुझं काम मला हलकं वाटलं. तसं नव्हतं. तसं काहीच नव्हतं.

आत्ता एवढंच पुरे. पेटी पाठव.

तुझी ताई,
राही

ता.क. पिवळा सेट हातात घेतलास तर नंतर हात साबणानं धू. का ते विचारू नको.


शेणवा,
१७ डिसेंबर २०००

चि. जना,

हे पत्र एकटीनं वाच. धर्मापावण्यांना वाचून दाखवायला सांगू नको, आणि वाचताना खाली बस.

पेटी आली नाय. आली ती चिठ्ठी. "आईची आठवण मी कुणाला देणार नाय आणि मला 'का ते विचारू नको' म्हणून दटावू नको, मी आता लहान नाय." बरोबर आहे तुझं. तू लहान नायस, आणि मी ताकाला जाऊन भांडं लपवत होते. रंग उडतो म्हटलं, जुनी पद्धत म्हटलं, हावरी सुद्धा झाले. कशानंच भागलं नाय. तुझे दिवस भरत आलेत आणि माझ्याजवळ आता खरं सोडून काही उरलं नाय. तुला ह्या अवस्थेत हे लिहायचं म्हणजे माझ्या हाताला फोड आले पाहिजेत. पण नाय लिहिलं तर त्याहून वाईट होईल.

माझ्या बाळाची पाचवी आठव. पौषातली थंडी. तू म्हशावरून आलीस, येताना सगळा सेट घेऊन, पांढरी लोकर आणि हिरवी कड. पिशवी उघडलीस आणि खोलीभर डांबरगोळ्यांचा वास पसरला. आपल्या दोघींना एकदम आई आठवली. दिवाळीला ती पेटी उघडायची तेव्हाचा वास तो, सणाचा वास. मी कुंचीत नाक खुपसलं आणि रडले, आणि तू पण रडलीस. सुईणीनं बाळाला नुकतंच तेल चोळून न्हाऊ घातलं होतं, अंग अजून तेलकट होतं. तू स्वतः त्याला स्वेटर घातलास, कुंचीची नाडी हनुवटीखाली बांधलीस. म्हणालीस, "बघ, कसा म्हातारा दिसतोय." थंडी होती म्हणून मग आमी ते काढलंच नाय. न्हाणं झालं की परत तेच.

तू गेलीस आणि तो पिवळा पडायला लागला. आधी डोळे, मग अंग. दुपट्यावर लघवीचे डाग पडत होते ते कोऱ्या चहासारखे काळे. सासूबाईंनी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. माळ लांब होत गेली की कावीळ उतरते म्हणतात, म्हणून आमी सगळी त्या माळेकडं बघत बसलो, पोराकडं नाय. तो दूध ओढेनासा झाला तेव्हा दाजींनी टेम्पोत घातलं आणि शहापूरच्या डॉक्टरनं मोठ्या दवाखान्यात पाठवलं.

तिथं एक डॉक्टरीणबाई होती, तुझ्याच वयाची. तिनं त्याचे कपडे उतरवले आणि कुंची हातात घेऊन नाकाशी धरली. मग मला विचारलं, "हे कशात ठेवलेलं होतं?" मी सांगितलं, आईच्या पेटीत. तिनं दुसरं विचारलं, "तुमच्या माहेरी कुणा मुलाला अशी कावीळ झाली होती का?"

जना, मंगळू. आपला मंगळू. तू तेव्हा रांगत होतीस, तुला आठवणार नाय. हिवतापाच्या गोळ्या वाटायला आले होते, सगळ्या पोरांनी खाल्ल्या, कुणाला काही झालं नाय. मंगळू पिवळा पडला, त्याची लघवी काळी झाली आणि तो गेला. आपल्या भावाला बाहेरचं लागलं असं आई मरेपर्यंत म्हणत राहिली.

डॉक्टरीणबाईनं मला नीट समजावलं, दोनदा. आपल्या रक्तात एक उणीव आहे. ती आईकडून येते. बाईला सहसा काही होत नाय, म्हणून कळतच नाय, ती मुलग्याला लागते. नुसती उणीव असली म्हणून मूल मरत नाय, म्हातारं होईपर्यंत जगतं. पण हिवतापाच्या काही गोळ्या नि डांबरगोळ्या अशा पोराला विष. वास छातीत जातो, कपड्यातून कातडीत जातो, आणि अंगाला तेल असलं की आणखी पटकन भिनतो. मग रक्त आतल्या आत फुटत जातं. त्यांनी त्याचं रक्त बदलायला घेतलं होतं. अर्ध्यावर तो गेला.

म्हणून तुझी कुंची त्याच्या अंगावर नव्हती. मीच नको म्हटलं. जाताना तरी त्याच्या अंगाला तो वास नको होता.

आता तू कोसळशील. थांब. पुढचं वाच.

मला तुझा राग आला नाय असं लिहीन तर ते खोटं होईल. आला. दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तुला तोंडाला येईल ते बोलले, एकटीच. आईला पण बोलले. आणि मग आठवलं की तो वास मीही हुंगला होता, छाती भरून, आणि सुखानं. त्या पेटीत आईनं आपल्याला शिकवलं तसंच तू ठेवलंस, आईला तिच्या आईनं शिकवलं. विष म्हणून कुणी दिलं नव्हतं गो. तू तर रात्री जागून दिलंस. मग मी कुणाला धरू?

तुला सांगितलं नाय, कारण तू पुन्हा सुई हातात धरली नसतीस. लग्नाला वर्षं होऊन तुला दिवस जात नव्हते, धोंडूबाई घालून पाडून बोलायच्या, तेव्हा तुझा जीव रमायचा तो त्या दोन सुयांत. ते मी कसं तोडू? घरी मी "कावीळ" एवढंच म्हटलं. दाजींना ठाऊक आहे, त्यांनीही तोंड मिटलं. सासूबाई अजून म्हणतात, गरवारपणी पपई खाल्ली म्हणून पोर पिवळं झालं, हिनंच खाल्लं पोराला. आल्यागेल्याला सांगतात. ऐकते. पहिल्यांदा उठून जायची, आता भांडी घासत ऐकते.

हे मी जन्मभर असंच ठेवलं असतं. पण तुला दिवस गेले. आणि तू पिवळा सेट शालूत घालून ठेवलास.

तुझ्या रक्तात ते असेल किंवा नसेलही. मुलगी होईल, मुलगा होईल, कुणाला ठाऊक. पण "नसेल" म्हणून पोर पेटीशी ठेवता येत नाय, जना. आता मी सांगते तसं कर. पेटी घराबाहेर काढ. धर्मापावण्यांना काढायला सांग, तू हात लावू नको. पिवळा सेट, लोकर, आईचा शालू सुद्धा, काही वाचवत बसू नको. ती माझी पिशवी पण टाकून दे, तिला वास लागला असेल. बाळंतपण घरी नको, दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना मंगळूचं आणि माझ्या बाळाचं सांग, आधीच. सांगितलं तर ते बघून घेतात. बाळाला जुन्या सुती लुगड्यात गुंडाळ, धुतलेल्या, उन्हात वाळवलेल्या. थंडी असली तर दोन पदर जास्त. धोंडूबाईंनी काय विचारलं तर माझं नाव सांग. म्हणावं, राहीला मत्सर आलाय, तिनं शपथ घातलीय. त्यांना ते लगेच पटेल.

आणि मला हवी तेवढी नावं ठेव. बोलू नको माझ्याशी. पण पेटी उघडू नको.

आणखी एक. त्याचं नाव ठरलं होतं. बारशाला त्याच्या आत्यानं कानात सांगायचं, तोवर बोलायचं नसतं, म्हणून मी कुणाला कळू दिलं नाय. बारशापर्यंत तो राहिलाच नाय. मग ते नाव माझ्यातच राहिलं. आज पहिल्यांदा कागदावर लिहिते.

तुझी ताई,
ओमकारची आई


शेणवा,
१८ मार्च २००१

चि. जना,

आशीर्वाद. तुला आणि त्याला.

माझ्या पत्राला उत्तर आलं नाय. मी रोज टेम्पोचा आवाज आला की मशीन थांबवायची. दाजी उतरायचे, मान हलवायचे, नाय म्हणून. तू वाचलंस का नाय, का पत्र कुठं दुसऱ्याच्या हाती पडलं, का रागानं फाडलंस, काही कळेना. पुढं जत्रा आली. म्हशाला दाजी गेले होते बैल बघायला, तुमच्या दारावरून गेले, पण दार लोटलेलं होतं म्हणाले.

मग माघ लागता लागता धर्मापावणे आले. रिक्षात पेटी. ओसरीवर ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता निघाले. मी मागं धावले, विचारलं, "जना कशी आहे?" म्हणाले, "सुटली. मुलगा आहे." आणि रिक्षात बसले. सासूबाई म्हणाल्या, "मिळाली एकदाची? हीच हवी होती ना तुला." गावात आता मी बहिणीची पेटी बळकावणारी झालेय. चालेल.

पेटी उघडली. रिकामी. शालू नाय, लोकर नाय. तळाशी फक्त बांबूचं नळकांडं, चिंधीचा बोळा लावलेलं, आणि आत तुझ्या सगळ्या सुया. चिठ्ठी नव्हती. शोधली मी, पेटी उलटी करून झटकली. पण सुया बघितल्या आणि समजलं. तू वाचलंस. शेवटपर्यंत वाचलंस. आणि आता तू विणणार नायस.

ज्याला भीत होते तेच झालं. पण ते मोजूनच पत्र टाकलं होतं मी, त्यामुळे रडायला तोंड नाय. तरी रडले. पेटीवर डोकं ठेवून रडले आणि त्या वासानं मळमळून बाहेर पळाले.

परवा दाजी तुमच्या वाडीवर दूध घ्यायला थांबले होते. अंगणात धोंडूबाई उन्हात बसलेल्या, मांडीवर पोर. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं. दाजी म्हणाले, गोरापान, गुटगुटीत, आणि रडतो कसा, पार रस्त्यापर्यंत. डॉक्टरांनी रक्त तपासलं, आपल्या घरातली तीच उणीव त्याच्यातही निघाली, असं धर्मापावण्यांनी सांगितलं. आणि नाव हर्षित ठेवलं. तू दारात होतीस. दाजींना बघितलंस आणि आत गेलीस.

समजतं मला. मी दिसले की तुला तुझे हात दिसणार. कितीदा सांगितलं की तुझी चूक नाय, तरी ते तसं पटत नाय, मला काय ठाऊक नाय होय? बारशाला बोलावणं आलं नाय, त्याचं वाईट वाटलं. खूप वाटलं. धोंडूबाईंचा उंबरा आता मोकळा झाला असेल, पण तुझा बंद झाला. मी येणार नाय. तू म्हणशील तेव्हा, नाय म्हणालीस तर कधीच नाय.

पेटी अंगणात आहे, झाकण उघडून, तोंड उन्हाकडं करून. होळी झाली, ऊन तापलंय, तरी वास जात नाय. गुलाबाचा रंग उडायला लागलाय. भंगारवाला आला होता, दिली नाय. का नाय दिली ते मला सांगता येणार नाय, आईचीच आहे शेवटी.

आणि तुझ्या सुया घरात नुसत्या पडलेल्या बघवेनात. मला विणता येत नाय हे तुला ठाऊकच आहे. लहानपणी तू सरसर विणायचीस आणि माझे टाके गळायचे, तू खदखदून हसायचीस. शेजारच्या लहान पोरीकडून शिकले, सुलटा टाका, उलटा टाका, एवढंच. कल्याणहून नवी लोकर आणवली. तिला पेटीजवळ सुद्धा नेली नाय. तीनदा धुतली, अंगणात वेगळ्या दोरीवर वाळवली. एक टोपडं केलंय. एक कान वर आहे, एक खाली, मध्ये एक टाका गळलाय तो मी तसाच दडवलाय. तू बघशील तर कपाळाला हात लावशील.

ते मांजरपाटाच्या नव्या पिशवीत घालून पाठवतेय. पिशवी लहान केलीय, त्याच्या दुपट्यांना होईल. काज केलं नाय. उद्या धागा काढावासा वाटला, तर सांग, करून देईन.

टोपडं घाल असं म्हणत नाय. आता उन्हाळा आहे, लागणारही नाय. फक्त नाकाशी धरून बघ. नुसता उन्हाचा वास आहे.

उत्तर नको. पेटी परत आली, सुया परत आल्या, तेवढं बास. हे टोपडं तेवढं परत पाठवू नको गो.

हर्षितची मावशी,
राही